खरा काटा खोटा पाडून मैदान राखल्याची बखर

समस्त गल्लीकर, बाकावर बसणारे, गॅलरीतून पाहणारे आणि काहीही न करिता सल्ला देणारे, यांचे हुजुरी विज्ञापना ऐसी जे: आपण सर्वांनी पाण्याच्या टाकीपाशी बैसोन आज्ञा केली की, मैदानाची मोहीम कैसी जाहली, कोणी कष्ट केले, कोणी नुसते कमरेवर हात ठेविले, कोणाचा चहा किती आणि काम किती, हे सर्व पदरचे न घालिता लिहून ठेवावे, कारण उद्या पोरेबाळे थोर होतील आणि जो तो म्हणेल की मैदान माझ्या बापाने बांधले. आज्ञा शिरसावंद्य मानून लिहितो. ज्यांचा उल्लेख या लिखाणात नाही त्यांनी राग मानू नये. त्यांनी काही केलेच नव्हते.

गल्लीचे पूर्वेस काट्यांचा कारखाना होता. त्याची कीर्ती ऐसी की, चिमूटभर औषधापासून भरल्या मालमोटारीपर्यंत जे जे तोलावयाचे ते ते या कारखान्याच्या काट्यावर तोलावे, आणि काट्याने एकदा सांगितले की मग देवानेही घासाघीस करू नये. या कारखान्याचे फोरमन, गल्लीतील पोरासोरांचे फोरमनआजोबा, म्हणजे सचोटीचा केवळ अवतार. ज्यांनी उभ्या हयातीत काटा केसभर इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि सख्ख्या मेव्हण्याने दुकानासाठी थोडा आपल्या बाजूस झुकता काटा मागितला तेव्हा त्यास जिन्यापर्यंत पोचवून दार लाविले, आणि तो मेव्हणा आजतागायत बोलत नाही, ज्याचे दुःख आजींस बहुत आहे आणि आजोबांस मुळीच नाही.

मग बॅटरीवर चालणारे काटे आले, आणि ते टीचभर डबडे मोठमोठ्या दांड्यांस भारी पडले, आणि कारखान्याची शिकस्त जाहली. मालकांनी यंत्रे विकली, छप्पर विकिले, आणि उरला लोखंडी पसारा जो उचलेल त्याचा, ऐसा हुकूम फाटकावर लाविला. फोरमनांच्या काळजास ते पाहवले नाही. मग त्यांनी हातगाडीमागून हातगाडी भरोन पारडी, साखळ्या, तबकड्या, वजने, पोती घसरत येत तो पत्र्याचा उतार, ऐसा तमाम सरंजाम घरी आणिला आणि जेथे जागा दिसली तेथे छावणी दिली: वजने पलंगाखाली, साखळ्या मोरीत, स्प्रिंगा पिठाच्या डब्यात, आणि सर्वांत थोर जी दांडी, जीवर एके काळी लोखंडाचे गठ्ठे तोलीत, ती बैठकीतून स्वयंपाकघरात आरपार, ऐसी की घरात कोणास इकडून तिकडे जाणे तर लवून जावे, आणि पाहुण्यांस वाटावे की या घरात विनय फार.

फोरमनआजी या सोशिक खऱ्या, परंतु सोशिकपणासही तळ असतो. एके दिवशी पोळपाटाखालून लाटण्याऐवजी लोखंडी मूठ निघाली, आणि आजींनी दरबार भरविण्याची वाटही न पाहता हुकूम जारी केला.

“एक तर हे भंगार घरात राहील, नाहीतर मी. आणि मी कुठे जाणार नाहीये, एवढं लक्षात ठेवा.”

“भंगार नाही ते. माल आहे.”

“मालाला म्हणावं, बाहेर जागा बघ.”

ऐसा निर्वाणीचा खलिता पावल्यावर आजोबांस जागेची फिकीर पडली, आणि ते गल्लीच्या टोकास जो मोकळा चौक आहे तिकडे पाहू लागले.

त्या चौकाची कैफियत ऐसी. पालिकेच्या दप्तरी तो मुलांच्या मैदानासाठी राखिलेला. परंतु दप्तरात राखिलेले आणि जमिनीवर राहिलेले यांत बहुत अंतर. समोरील इमारतीचे चेअरमन, गोरेगोमटे, इस्त्रीबंद, दर वाक्यास ‘नियमाप्रमाणे’ म्हणणारे, यांनी तेथे आपला अंमल बसविला होता. त्यांची गाडी ऐसी लांब की नाक गल्लीत शिरले तरी शेपूट हमरस्त्यावर, आणि तिजला ते रोज स्वहस्ते आंघोळ घालीत, जे भाग्य त्यांच्या मुलांसही कधी लाभले नव्हते. त्यांच्यामागे इमारतीतील इतर गाड्यांनीही मुक्काम ठोकिला, आणि गल्लीतील पोरे जिन्यांत खेळू लागली, आणि तळमजल्यावरचे लोक त्यांजवर पाणी फेकू लागले. पोरांच्या फौजेची सरदार म्हणजे फोरमनांची थोरली नात. वय दात पडण्याचे. समोरचे दोन्ही गेले असल्याने हुकूम सोडताना शिट्टी वाजे, आणि त्या शिट्टीने हुकुमास अधिकच वजन येई.

मग आजोबांनी पालिकेत जाऊन, खुर्चीवर न बसलेल्या साहेबांची वाट पाहून, मग दुसऱ्या खुर्चीवरील साहेबांची वाट पाहून, अखेर बागखात्याचे साहेब, ज्यांस सोयीसाठी बागसाहेब म्हणू, यांची गाठ घेतली. बागसाहेब मोठे मोकळ्या मनाचे. तिजोरीही तितकीच मोकळी. त्यांनी तह सांगितला तो ऐसा: खेळणी तुमची, मेहनत तुमची, पालिकेची फक्त नजर. महिनाअखेर मी जातीने येईन. चौकात पोरे खेळताना दिसली तर चौक कायमचा पोरांचा. न दिसली, अथवा तेथे दुसराच काही धंदा चाललेला आढळला, तर चेअरमनांचा अर्ज आधीच आला आहे. जागा गाड्यांस जाईल आणि त्याउपरी माझ्याकडे रडत येऊ नये.

हे वर्तमान घेऊन आजोबा परतले आणि फौजेची जमवाजमव जाहली. कारखान्याचे जुने वेल्डर, ज्यांच्या दोन्ही भुवया कामात खर्ची पडल्या आणि म्हणून मुद्रा सदैव चकित, ते ठिणगीमामा, आपल्या नळ्या-बाटल्यांनिशी दाखल जाहले. कारखान्याचे रंगारी, ज्यांजपाशी धोक्याच्या पाटीचा पिवळा रंग तेवढा उरला होता आणि बहुत उरला होता, ते ब्रश खांद्यास लावून आले. मागून फिटर, जोडारी, चौकीदार, आणि काम लागले की ज्यांची कंबर धरते ते सर्व आले. आजींनी दाराशी उभे राहून एकेक जिन्नस बाहेर जाताना पाहिला, आणि ती थोर दांडी जेव्हा सात-आठ जणांच्या खांद्यावर चढून उंबऱ्याबाहेर पडली, तेव्हा आजी घरात गेल्या आणि केवळ सरळ चालण्याच्या आनंदासाठी बैठकीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून बैठकीत येरझारा घालू लागल्या.

चौकात गाड्या ठाण मांडून होत्या. विनंती केली, गाड्या हलल्या नाहीत. तंबी दिली, गाड्या हलल्या नाहीत. मग ठिणगीमामांनी चेअरमनांच्या गाडीपासून हातभर अंतरावर मोर्चा बांधिला आणि झोपाळ्याचे खांब जोडण्यास आरंभ केला, आणि ठिणग्यांची ऐसी आतषबाजी उडाली की चेअरमन तोंडात टूथब्रश तैसाच घेऊन खाली धावत आले.

“अहो! पॉलिश आहे तिच्यावर!”

“मग घरात ठेवा की शोकेसमध्ये,” ठिणगीमामा म्हणाले, आणि काच डोळ्यांवर ओढून घेतली.

दुपार न होता चौक रिकामा जाहला. रक्त सांडले नाही. थोडा पेस्टचा फेस तेवढा सांडला.

मग बांधकाम चालिले. मोठ्या पारड्यांस साखळ्या लावून झोपाळे केले, ज्यांत पोर बसले की भाजीसारखे दिसे आणि पोरास त्याचे काही वाटत नसे. तबकड्यांची चक्रे केली, पिंपे आडवी टाकून भुयार केले, आणि या सर्वांवरून रंगाऱ्यांचा पिवळा ब्रश फिरला, आणि त्या धुमश्चक्रीत दोन कबुतरे, एक मांजर आणि तेथे सल्ला देत उभे असलेल्या गृहस्थांची पाठ हीही पिवळी जाहली.

घसरगुंडीचा प्रसंग वेगळा लिहिणे प्राप्त. पोत्यांचा तो पत्र्याचा उतार फोरमनांनी हाती घेतला, आणि कारखान्याचा कायदा ऐसा की माल वाटेत अडखळू नये. म्हणोन तो त्यांनी घासला, मग पुन्हा घासला, मग तेलाच्या फडक्याने पुसला, आणि त्यात रंगाऱ्यांनी आपली मिशी विंचरून पाहिली. पहिली चाचणी करण्याचा मान ठिणगीमामांनी मागून घेतला. ते वर बसले, हात सोडिले, आणि दिसेनासे जाहले. उताराच्या टोकावरून सुटले ते चौक ओलांडून, रस्ता ओलांडून, थेट समोरील न्हाव्याच्या दुकानात खुर्चीवर जाऊन बसले. न्हावी वर्तमानपत्र वाचीत होता. त्याने मान वर न करिता गळ्याभोवती कापड बांधले आणि विचारिले, “बारीक की मध्यम?” त्याउपरी उताराचे टोक वर वळविले आणि खाली वाळूची बिछायत घातली.

आता मुख्य प्रकरण. ती थोर दांडी मधोमध काँक्रीटच्या चौथऱ्यावर चढविली आणि दोहों टोकांस बसावयास पाट ठोकिले, म्हणजे सीसॉ जाहला, ऐसे सर्वांस वाटले. परंतु फोरमनांच्या हातास सीसॉ ठाऊकच नव्हता. हातास काटा ठाऊक. दांडी ज्या पोलादी सुरीवर टेकते ती सुरी त्यांनी स्वतः परजली, मध्ये सुई आणि तबकडी लाविली, आणि अखेरीस बाजूस तेलाचे नळकांडे बसविले, ज्याच्या योगे दांडी डुलू लागली की तेल तिजला आवरून धरिते आणि ती क्षणात निमूट थांबते. कारखान्यात डुलणारा काटा म्हणजे बदफैली काटा. कोणी त्यांस सांगितले नाही की हे नळकांडे नको. कारण सांगणारे सर्व त्याच कारखान्याचे होते, आणि उलट वाहवा म्हणाले.

मग पोरांची फौज चालून आली. नात एका टोकास, चेअरमनांचा नातू, जो गनिमाच्या छावणीतून पळून येऊन मिळाला होता, तो दुसऱ्या टोकास. दांडी किंचित लवली आणि थांबली. नातीने पाय झाडले. दांडीने दाद दिली नाही. सुईने एवढेच कळविले की चेअरमनांचा नातू जरा जड आहे.

“आजोबा, हे बिघडलंय. सारखं थांबतंय.”

“अगं, थांबतंय म्हणूनच तर चांगलं!”

“मग खेळायचं कसं?”

“खेळायचं काय त्यात? बसायचं, आणि बरोबर आहे का बघायचं.”

नातीने आजोबांकडे ऐसे पाहिले की तसे पाहणे मोठ्या माणसांस जमत नाही, आणि फौज घेऊन ती झोपाळ्यांकडे निघून गेली. परंतु गल्लीतील थोरांस मात्र या दांडीचे वेड लागले. एका घरच्या दोन जावा, ज्यांत बारीक कोण हा तंटा लग्नापासून चालत आला होता, त्या समोरासमोर बसल्या आणि सुई थोरलीकडे झुकली. थोरलीने आजोबांशी बोलणे सोडिले आणि धाकटी रोज संध्याकाळी येऊन बसू लागली. मग रद्दीवाला आला. त्याच्या हातातील ताणकाट्यावर गल्लीचा इतबार कधीच नव्हता, म्हणोन बायांनी त्याच्या मानगुटीस धरून रद्दीचे गठ्ठे दांडीवर ठेविले आणि समोर पलंगाखालची जुनी वजने मांडिली, आणि रद्दीवाल्याचा चेहरा रद्दीच्या रंगाचा जाहला. ही खबर फुटली. भाजीवालीने टोपली तेथेच मांडिली, बोहारीण आली, कोळसेवाला आला, शेजारच्या गल्लीतून लोक गहू तोलावयास येऊ लागले, आणि मैदानात पोते पोत्यास टेकले. झोपाळ्याच्या पारड्यांत कांदे बसले. घसरगुंडीवरून बटाटे येऊ लागले, कारण माल तेथे खरोखरच अडखळत नसे. आणि पोरे पुन्हा जिन्यात गेली, आणि त्यांजवर पुन्हा पाणी पडू लागले.

आजोबा हे सर्व पाहत नव्हते काय? पाहत होते, परंतु एक डोळा सुईवर होता आणि दुसरा जो उरला तो सुखाने मिटलेला. बाकावर बैसोन, प्रत्येक तोलास ‘बरोबर!’ ऐसा शिक्का तोंडाने मारीत होते. कारखाना बुडाल्यापासून त्यांस कोणी ‘बरोबर का हो?’ म्हणून विचारिले नव्हते, आणि आता सारा मुलूख विचारीत होता. मनुष्यास भुकेहून मोठी भूक हीच.

चेअरमन गॅलरीतून पाहत होते आणि टूथब्रशचा अपमान ते विसरले नव्हते. त्यांनी नियमाप्रमाणे वजनमापे खात्यात अर्ज गुदरला की, सार्वजनिक जागी बिनशिक्क्याचा काटा लावून बेलाशक व्यापार चालला आहे, तरी तपासणी व्हावी. त्यातील मसलत मोठी खोल होती. काटा खोटा निघाला तर जप्त. खरा निघाला तर त्यावर सरकारी शिक्का बसणार, आणि शिक्क्याचा काटा जेथे, ती जागा बाजाराची, खेळाची नव्हे. आणि बागसाहेबांच्या तहात तर ‘दुसरा धंदा’ हे कलम होतेच. दोन्हीकडून चौक गाड्यांचा. शिवाय त्यांनी दोन्ही साहेबांस एकच दिवस नेमून घेतला, म्हणजे एकाचे लिहिणे दुसऱ्याने लगेच वाचावे.

तपासणीचा खलिता येताच फोरमनांच्या घरी मसलतीस सर्व जमले. भाजीवालीस व रद्दीवाल्यास चौकातून उठविले, ते उठले. परंतु दांडीचे काय? काढून टाकावी तर चेअरमन म्हणणार, पुरावा नाहीसा केला. ठेवावी तर ती खरे बोलणार, आणि तिजला दुसरे काही येत नाही. ठिणगीमामा म्हणाले, मधोमध कापतो. आजोबांनी त्यांजकडे पाहिले आणि ठिणगीमामांनी नसलेल्या भुवया खाली घेतल्या.

आजी चहा घेऊन आल्या, आणि उभ्या उभ्याच निवाडा दिला.

“बिघडवा.”

“काय?”

“तो काटा. बिघडवा. काटा नाही म्हटलं की शिक्का नाही, शिक्का नाही तर बाजार नाही. डुलू दे पोरांना.”

“मी? मी काटा बिघडवू? हात गळून पडला तरी चालेल!”

“माझ्या भावाला दारातून घालवलंत, तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलते. तेव्हा तो काटा दुकानाचा होता. हा पोरांचा आहे.”

मग नात, जी दाराआड सरदाराच्या हक्काने ऐकत होती, ती पुढे आली आणि तिने नुसते विचारिले, “मग आम्ही कुठं खेळायचं, आजोबा? जिन्यातच?” आजोबांपाशी प्रत्येक प्रश्नास उत्तर असे, आणि नसले तर पाना असे. त्या वेळी त्यांनी पाना काढिला, उलटसुलट पाहिला आणि परत खिशात घातला. सभा चहा संपवून उठली, निकाल न लागता. दुसऱ्या कोणी दांडीस हात लावावा तर तसा धीर गल्लीत कोणास नव्हता; ज्याने बसविली त्यानेच उठवावी.

तपासणीचा दिवस उजाडला. बागसाहेब आधी आले आणि म्हणाले, मी फक्त घसरगुंडीची मजबुती पाहतो. आणि ते मजबुती पाहू लागले, आणि पुन्हा वर चढून पाहू लागले, आणि त्यांचा मदतनीस खाली त्यांची चप्पल धरून उभा राहिला. मग वजनमापे खात्याचे साहेब आले: सडसडीत, अबोल, हातात पितळी वजनांची मखमली पेटी. गल्ली गोळा जाहली. चेअरमन बूट चकचकीत करून पुढे उभे. पोरे झोपाळ्यांच्या खांबाशी रांगेत, आणि नात पायरीवर, गुडघ्यांवर हनुवटी टेकून, दुसरीकडे पाहत.

वजनसाहेबांनी दोन्ही पाटांवर वजने ठेविली. दांडी लवली, सावरली, थांबली. सुई मधोमध. साहेबांनी एका बाजूस नखाएवढे वजन वाढविले. सुई नखाएवढी हलली. त्यांनी वजनांची अदलाबदल केली. सुईने अदलाबदल मान्य केली. साहेबांनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा लाविला.

“कुणी बसवलाय हा?”

“मी,” आजोबा म्हणाले.

“आयुष्य गेलं माझं काटे तपासण्यात. खरं सांगतो साहेब, असा काटा नाही बघितला.”

त्यांनी फोरमनांस ‘साहेब’ म्हटले. गल्लीने ते ऐकिले. आजोबांची छाती सदऱ्याच्या बटणांस भारी जाहली, डोळ्यांत पाणी तरारले, आणि ठिणगीमामांनीही नाक पुसले. ऐसी तारीफ कानी पडावी म्हणून कारागीर जन्मभर थांबतो. आणि ती आली ती पराजयाच्या हातात हात घालून. कारण साहेबांनी लगेच पेटीतून शिक्का काढिला आणि हातोडी काढिली, आणि चेअरमन गालातल्या गालात हसले, आणि रस्त्यापलीकडे त्यांच्या लांब गाडीचे इंजिन कोणी सुरूही केले.

आजोबांनी शिक्क्याकडे पाहिले. मग पायरीकडे पाहिले. नात अजून दुसरीकडेच पाहत होती. हरणार हे ज्यास आधीच ठाऊक, तो ऐसा बसतो.

“थांबा जरा,” आजोबा म्हणाले.

त्यांनी खिशातून पाना काढिला, खाली बसले, आणि नळकांड्याचा बोल्ट सोडिला. तेल भळाभळा वाहिले आणि जमिनीच्या उताराने थेट चेअरमनांच्या बुटांत गेले. मग त्यांनी ठिणगीमामांच्या हातातून घण घेतला. ठिणगीमामांनी क्षणभर मूठ सैल केली नाही, मग केली. मग आजोबांनी ती पोलादी सुरी, जी आपल्या हाताने परजली, जीवर केस टेकिला तर केस चिरावा, तीवर घाव घातला. एकच. रंगाऱ्यांनी डोळे मिटून घेतले. धार बसली, सुरी बोथट जाहली, दांडी एकदा कण्हली, आणि मग जी डुलू लागली ती खडखड करीत डुलूच लागली.

“अहो!” वजनसाहेब ओरडले. “हे काय केलंत?”

“दुरुस्ती,” आजोबा म्हणाले.

वजनसाहेबांनी पुन्हा वजने ठेविली. दांडीने एकदा डावी बाजू जड सांगितली, एकदा उजवी, आणि मग दोन्ही हलक्या ऐसे काहीतरी. साहेबांनी शिक्का फुंकून पेटीत परत ठेविला. चेअरमन तेलकट बुटांनी फचफच करीत पुढे आले आणि म्हणाले, मघाशी बरोबर दाखवत होता, सगळ्यांनी बघितलंय!

“मघाशीचं मला नका सांगू,” वजनसाहेब म्हणाले. “शिक्का मारताना जे दाखवतो ते खरं. नियम आहे.”

‘नियम’ हा शब्द चेअरमनांच्या खेरीज दुसऱ्याच्या तोंडून येईल ऐसी त्यांस कल्पना नव्हती. ते जागच्या जागी थांबले. साहेबांनी लेखी निवाडा दिला की, सदरहू वस्तू वजन करण्यास पूर्णपणे नालायक असून तीस काटा म्हणता येत नाही. मग कागद आजोबांच्या हाती देताना त्यांनी आवाज उतरविला आणि म्हणाले, “फार चांगला होता.” आजोबांनी मान हलविली.

बागसाहेब मजबुतीची सातवी की आठवी खातरजमा करून वाळूतून उठले आणि विचारू लागले की काटा नाही तर मग हे आहे काय. उत्तर देण्याची गरज पडली नाही. नातीने शिट्टीसह हुकूम सोडिला आणि तमाम फौज दांडीवर तुटून पडली. इकडे चौघे, तिकडे पाच, एक मधोमध उभा. आणि दांडी वर गेली, खाली आली, दाणकन आपटली, आणि पोरांनी जो गलका केला तो ऐकून तळमजल्यावरच्या लोकांनी सवयीने बादल्या भरल्या आणि मग लक्षात येऊन झाडांस ओतल्या. बागसाहेबांनी तेथल्या तेथे नोंद केली: खेळणे, वापरात, वापर बेसुमार.

येणेप्रमाणे चौक फत्ते जाहला. चेअरमनांशी सलूख ठरला की गाड्या इमारतीच्या मागे उभ्या कराव्या, आणि त्यांच्या नातवास घसरगुंडीवर सर्वांबरोबर रांगेत उभे राहण्याचा हक्क असावा, रांग मोडण्याचा नसावा. रद्दीवाला आपल्या ताणकाट्यासह परत आला आणि जुने दिवस परत आले म्हणून गल्लीशी मनमोकळा भांडला. थोरली जाऊ आजोबांशी पुन्हा बोलू लागली. आणि आजींनी त्याच संध्याकाळी भावास फोन करून कळविले की यांनी काटा बिघडवला, आपल्या हातानं. त्यावर भावाने एवढेच विचारिले की तब्येत बरी आहे ना त्यांची.

वजनसाहेबांचा नालायकीचा निवाडा रंगाऱ्यांनी पिवळ्या पाटीवर ठळक उतरविला आणि मैदानाच्या दारावर लाविला, तो तेथे सनद म्हणून आहे. फोरमनआजोबा रोज सकाळी पाना घेऊन जातात. दांडीची खडखड कमी जाहली तर बोल्ट सैल करितात, फार वाढली तर आवळितात, आणि डावी बाजू उजवीहून अधिक खोटी होऊ नये यासाठी दोन्हीकडे जाऊन कान लावून ऐकतात. इतका सारखा, इतका चोख, इतका इमानी खोटेपणा राखिलेली दुसरी दांडी सापडणार नाही.

स्वतः मात्र ते तीवर कधी बसले नव्हते. मग एके संध्याकाळी नातीने हुकूमच सोडिला, आणि हुकूम मोडण्याची त्यांची ताकद आता उरली नव्हती. आजोबा एका पाटावर बसले आणि जमिनीस टेकले. समोर नात बसली. काही घडले नाही. मग चेअरमनांचा नातू बसला, मग आणखी दोघे, मग एके काळची जिन्यातली सगळी फौज एकावर एक चढली, आणि आजोबांचे पाय सुटले आणि ते वर गेले, पिवळ्या खांबांच्या वर, चपलेसकट.

“अरे! थांबवा! थांबवा म्हणतो ना!”

“थांबत नाही आता, आजोबा,” नात खालून ओरडली. “तुम्हीच बिघडवलंय!”

हे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले. कमी केले नाही, आणि वाढविले असल्यास ते ऐकणाऱ्यांच्या समाधानापुरते. लिहून होते तो आजोबा अद्याप वरच आहेत, आणि खाली घ्या म्हणण्याचे त्यांनी मघाशीच सोडिले आहे.